बटण बंद होतं

“मेनस्विचच्या खोलीची किल्ली मिळणार नाही,” वळसंगकर साहेब म्हणाले. “भिंतीवर बटणं आहेत ना? एकेका ओळीचं बटण बंद करा, ट्यूब बदला, पुढं सरका. त्याला किल्ली कशाला लागते?”

सकाळचे नऊ वाजून गेले होते. सोलापुरातल्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना होता. त्याच्या शिलाई विभागाच्या दारात आम्ही तिघं उभे होतो. मी, मैनूचाचा आणि आमचे ठेकेदार बसवराज हत्तुरे. वळसंगकर कारखान्याचे मॅनेजर. त्यांच्या मागं साठ मशीन एका दमात खडखडत होत्या आणि बायका मान खाली घालून टॉवेलांच्या कडा शिवत होत्या.

“साहेब, नुसती ट्यूब काढून ट्यूब घालायची नाही,” चाचा समजावत म्हणाले. “जुन्या पट्टीतला चोक काढायचाय. तारा कापून नव्यानं जोडायच्यात. आत हात घालावा लागतो. दोन तास मेन पाडून द्या, जेवणाच्या सुट्टीत निम्मं काम उरकतो.”

“आणि या साठ जणी दोन तास अंधारात बसून काय करणार? भजन?”

तेही खरंच होतं म्हणा. पत्र्याची शेड, खिडक्या नावाला, वर छपराच्या लोखंडी कैच्यांना टांगलेल्या शहाण्णव ट्यूबा. दिवे गेले की सुईत दोरासुद्धा ओवता येत नसे. आणि गुरुवारी परदेशातल्या गिऱ्हाइकाचे तपासनीस येणार होते. प्रत्येक मशीनवर उजेड किती पडतो, कामगार सुरक्षित आहेत का, हे बघायला. त्यांच्यासाठीच हे नवे एलईडी दिवे बसवणं चाललं होतं.

“सर, निदान एकेक ओळ—” मी बोलायला गेले.

“या कोण?” त्यांनी हत्तुरेंना विचारलं.

“हेल्पर आहे साहेब,” हत्तुरेअण्णा घाईनं म्हणाले. “होतंय की, होतंय. चाचा, करा की ओ.”

मी हेल्पर नव्हते. आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स करून दोन वर्षं अण्णांकडं काम करत होते आणि पुढच्या महिन्यात माझी वायरमनच्या परवान्याची परीक्षा होती. पण तेव्हा तेवीस वर्षांची होते, गप्प बसले. चाचा माझ्याकडं बघून हसले आणि खांद्यावरची पिशवी सावरत आत गेले.

मैनुद्दीन शेख त्यांचं नाव. चोपन्न वय, त्यातली तीस वर्षं शिडीवर गेलेली. सोलापुरातल्या निम्म्या गिरण्या आणि सगळी मंगल कार्यालयं त्यांच्या हाताखालून गेली होती. अण्णांच्या माणसांत मी एकटी मुलगी. बाकीचे मला चहा आणायला पाठवायचे. चाचांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात पकड दिली आणि म्हणाले होते, “चहा मी आणतो. तू ती गाठ सोडव.”

पहिल्या दोन ओळी नीट झाल्या. मी बटण बंद करायची, चाचा वर चढायचे, प्रत्येक पट्टी उघडली की आधी टेस्टर लावायचे, तो पेटला नाही की मगच हात आत घालायचे. चोक काढायचे, तारा जोडायचे, नवी ट्यूब बसवायचे. शिडी मात्र लोखंडी होती. आमची लाकडी शिडी कैचीपर्यंत पोचत नव्हती म्हणून कारखान्यातली घेतली होती. चाचांनी तिच्याकडं बघून नाक मुरडलं होतं, पण घेतली.

अकराच्या सुमाराला वळसंगकर आले. हातातल्या घड्याळावर दोनदा बोट आपटलं.

“दोन तासांत दोन ओळी? आठ ओळी कधी व्हायच्या? हत्तुरे, म्हातारी माणसं कशाला आणता? उद्या दुसरं कोणी आणा.”

चाचा शिडीवर होते. त्यांनी ऐकलं.  त्यानंतर त्यांचे हात भराभर चालायला लागले.

तिसरी ओळ शेडच्या वाढवलेल्या भागात होती. तिथली भिंत नवी, पत्रे नवे, वायरिंग दुसऱ्याच कोणी केलेली. वळसंगकर खाली उभेच होते. ओळीचं बटण बंद झालं, दिवे विझले. चाचांनी वरून विचारलं, “बंद आहे का?” खालून उत्तर गेलं, “बंद आहे.” चाचांनी पट्टीचं झाकण उघडलं, चोकची तार कापली, तिचं उघडं टोक डाव्या हाताच्या चिमटीत धरलं आणि तोल सावरायला उजवा हात कैचीवर ठेवला.

ओरडले नाहीत ते. लोकांना वाटतं, शॉक बसला की माणूस किंचाळतो. त्यांच्या तोंडून नुसता एक ‘हं’ आला, जड ओझं उचलताना येतो तसा. मग पकड खाली पडली आणि शिडी थरथर वाजायला लागली.

मी मेनकडं धावले. मेनस्विचची खोली शेडच्या टोकाला, तीस-चाळीस पावलांवर. दाराला कुलूप. पितळी, भलंमोठं. किल्ली वळसंगकरांच्या केबिनमध्ये. ते “किल्ली, किल्ली” करत आपल्या केबिनकडं पळाले, आणि मी उलटी फिरले तेव्हा शिडीजवळच्या मशीनवरची अंबक्का उठून चाचांचा पाय धरायला हात पुढं करत होती.

“अंबक्का, हात लावू नका! तुम्हीही चिकटाल! गाडा आणा, टॉवेलचा गाडा!”

तिला किती कळलं कोण जाणे, पण ती थांबली. शेजारच्या दोघींना तिनं तेलुगूत काहीतरी ओरडून सांगितलं आणि तिघींनी टॉवेलांचे गठ्ठे भरलेला गाडा ढकलत शिडीखाली आणला. मी कापड कापायच्या टेबलावर चढले, तिथं मापाची सहाफुटी लाकडी फळी होती, ती दोन्ही हातांनी उचलली आणि चाचांच्या डाव्या मनगटावर मारली. एकदा. सुटलं नाही. दुसऱ्यांदा अंगातला सगळा जोर लावून मारली. मैनूचाचांना मी मारत होते. तिसऱ्या फटक्याला हात सुटला आणि ते खाली आले. अंग गठ्ठ्यांवर पडलं, उजवा खांदा गाड्याच्या लोखंडी दांडीवर. हाड मोडल्याचा आवाज मशीनच्या खडखडाटातही ऐकू आला.

तेव्हा कुठं वळसंगकर किल्ली घेऊन धावत आले आणि दिव्यांचा मेन पाडला.

चाचांचे ओठ निळे पडले होते, पण श्वास चालू होता. मी त्यांच्या गळ्याचं बटण सोडलं, कोणीतरी वारा घालायला लागलं. मिनिटभरानं डोळे उघडले. माझ्याकडं बघत त्यांनी विचारलं, “बेटी, बंद होतं ना?”

मी वळून भिंतीवरच्या बटणाकडं बघितलं.

अण्णा त्यांना कारखान्याच्या जीपमधून दवाखान्यात घेऊन गेले. मला म्हणाले, “तू सामानाजवळ थांब.” आणि जीप फाटकाबाहेर पडली नसेल, तोवर शेडमधले दिवे पुन्हा लागले. वळसंगकरांनी स्वतः मेन चालू केला होता. “चला, बसा मशीनवर,” ते टाळ्या वाजवत बायकांना म्हणाले. “तपासनीस काय तुमच्यासाठी थांबणार आहेत का?” बायका बसल्या. गाड्यावरचे टॉवेल चाचांच्या घामानं ओले झाले होते. एकीनं ते बाजूला काढून ठेवले, दुसरीनं नवे घेतले.

मी भिंतीशी बसले होते. तिसऱ्या ओळीचं बटण समोर दिसत होतं. खाली दाबलेलं, बंद. ओळ विझलेली. मग चाचांच्या हातात वीज आली कुठून?

बसून राहवेना. रबराचे हातमोजे चढवले, शिडीखाली लाकडी फळी टाकली, वर चढले. आधी टेस्टर शेजारच्या चालू ओळीला लावून बघितला. पेटला, म्हणजे टेस्टर चांगला होता. मग चाचांनी कापलेल्या तारेला लावला.

पेटला. लख्ख.

कोणालाही कळेल असं सांगते. दिव्याकडं दोन तारा जातात. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. बटण येणाऱ्या तारेत बसवायचं असतं, म्हणजे बंद केल्यावर वीज बटणापाशीच अडते. या भागात कोणीतरी ते परतीच्या तारेत बसवलं होतं. बटण बंद केलं की दिवा विझायचा आणि बघणाऱ्याला वाटायचं सगळं बंद आहे. पण वीज वर पट्टीपर्यंत आलेली असायचीच. फक्त परत जायला वाट नसायची. मग ज्याचा हात लागेल, त्याच्या अंगातून ती वाट काढायची.

दीड वाजता अण्णा परत आले. चाचांच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, डावा तळवा हाडापर्यंत भाजला होता, हृदयाचे ठोके अजून अनियमित पडत होते म्हणून दोन दिवस देखरेखीखाली ठेवणार होते. जीव वाचला होता. वळसंगकरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरं झालं. आता दुसरा माणूस कधी येतोय? संध्याकाळपर्यंत उरलेल्या ओळी व्हायला पाहिजेत.”

“बोलावतो की,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, आधी इकडं या,” मी म्हणाले. “साहेब, तुम्हीही या.”

माझ्या आवाजात काय होतं माहीत नाही, पण दोघं आले. मी पुन्हा वर चढले. नव्या ट्यूबचं एक टोक होल्डरमध्ये बसवलं, दुसरं टोक मोकळं ठेवलं आणि त्या मोकळ्या टोकाच्या पिनांना टेस्टर लावला. टेस्टरमधला तांबडा दिवा पेटला. खालून सगळ्यांना दिसला. जवळच्या मशीनी थांबल्या.

“बटण बंद आहे,” मी म्हणाले. “तरी ट्यूबच्या या टोकापर्यंत वीज येतेय. नुसती ट्यूब बदलायला कोणी चढलं, एक टोक बसवून दुसरं हातात धरलं, तरी तो गेला. इथली वायरिंग उलटी आहे. चाचांची चूक नव्हती.”

वळसंगकर वैतागले होते. त्यांना वाटत होतं, मी त्यांचा वेळ खातेय. म्हणूनच ते बोलून गेले असणार.

“अहो, ती लाइन पहिल्यापासून तशीच आहे,” ते म्हणाले. “मागं त्या झाडूवाल्यालाही झटका बसला होता. माहितीये आम्हाला. म्हणून काय काम थांबवायचं का?”

जवळच्या बायकांनी माना वर करून त्यांच्याकडं बघितलं.

मी शिडीवरून उतरले.  या माणसाला माहीत होतं. सकाळी नऊ वाजता, आम्ही दारात उभं राहून किल्ली मागत होतो तेव्हा माहीत होतं. अकरा वाजता चाचांना म्हातारं म्हणाला तेव्हा माहीत होतं. ‘तेवढी तिसरी ओळ सांभाळा’, एवढे चार शब्द. ते बोलायला किल्लीसुद्धा लागत नव्हती.

मेनच्या खोलीचं दार अजून उघडंच होतं. मी आत गेले, दिव्यांच्या मेनचा दांडा खाली ओढला, चिनीमातीचे तिन्ही फ्यूज उपसून काढले आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीत टाकले. शेड काळोखी झाली. पिशवी छातीशी धरून मी दारात उभी राहिले.

“कोणाच्या परवानगीनं?” वळसंगकरांचा आवाज चिरकला.

“कोणाच्याच नाही.”

“फ्यूज द्या इकडं. पोलिसांना बोलवीन.”

“बोलवा. त्यांना हीच ओळ दाखवते.”

“अंजने, वेडी झालीस का गं?” अण्णा हात जोडत म्हणाले. “दे की ते. माझं नाव जाईल. या एमआयडीसीत पुन्हा काम मिळणार नाही.”

“अण्णा, दुसरा माणूस चढवून तोही पडला, तर नाव राहील का?”

ते मान फिरवून उभे राहिले. तसले फ्यूज बाजारात सहज मिळतात, तासाभरात वळसंगकर नवे मागवतील, हे मला ठाऊक होतं. मला तो तास पाहिजे होता. त्या तासात मी दारातच उभी राहून नाक्यावरच्या एकूण एक वायरमनला फोन केले. अण्णांचे, दुसऱ्यांचे, ओळखीचे, बिनओळखीचे. प्रत्येकाला एकच सांगितलं, “मैनूचाचा पडले. तिसऱ्या ओळीत बटण बंद असतानाही वीज आहे. मेन बंद करून देत नाहीत.” त्या दिवशी त्या कारखान्यात एकही माणूस शिडीवर चढायला आला नाही.

नवे फ्यूज आले, दिवे लागले, बायका कामाला लागल्या. वळसंगकरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आता ते शांत होते. टेबलावर कारखान्याच्या छापील कागदावर टाइप केलेला मजकूर होता.

“रागात होतं असं. आम्ही काही मनावर घेत नाही. फक्त साक्षीदार म्हणून इथं सही करा.”

मी वाचलं. ‘वायरमन मैनुद्दीन शेख यांनी वारंवार सूचना देऊनही बटण बंद न करता काम केल्याने सदर अपघात त्यांच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे झाला.’

“हे खोटं आहे,” मी म्हणाले. “बटण बंद होतं.”

“तुम्हाला कसं माहीत? बंद कोणी केलं होतं?”

त्यांना वाटलं, इथं मी अडकणार. अण्णा माझ्याकडं बघत होते आणि डोळ्यांनी खुणावत होते, नको, बोलू नको. कारण अण्णांना माहीत होतं.

बटण मी बंद केलं होतं. खालून ‘बंद आहे’ म्हणणारी मीच होते. चाचा माझ्या शब्दावर तारेला हात लावायला तयार झाले होते.  आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवतात, बटण म्हणजे सुरक्षा नव्हे, मेन बंद करा, कुलूप लावा, टेस्टरनं तपासा. मला सगळं पाठ होतं आणि मी नुसता दिवा विझलेला बघून ‘बंद आहे’ म्हणाले होते. हे लिहून दिलं असतं, तर परवान्याची परीक्षा राहिली बाजूला, उद्या कोर्टात माझंच नाव पुढं आलं असतं. नाही लिहिलं, तर चाचा हलगर्जी ठरत होते.

मी अण्णांचं चलनबुक घेतलं, कार्बन घातला आणि उभ्यानंच लिहिलं. ‘सकाळी नऊ वाजता आम्ही मेन बंद करून मागितला. मॅनेजरांनी किल्ली दिली नाही. तिसऱ्या ओळीचं बटण मी, अंजना गेजगे हिने, स्वतः बंद केलं आणि मैनुद्दीन शेख यांना बंद असल्याचं सांगितलं. बटण बंद असूनही तार चालू होती, कारण बटण चुकीच्या तारेत बसवलेलं आहे. मॅनेजरांना हे आधीपासून माहीत होतं. असं त्यांनी सर्वांसमोर सांगितलं.’ खाली सही, तारीख, वेळ.

वळसंगकरांनी वाचलं आणि फाडून टोपलीत टाकलं. मी कार्बनची प्रत घेऊन बाहेर आले.

शेडमध्ये अंबक्काच्या मशीनशी गेले. अंबूबाई येमूल, पन्नाशीची, त्या विभागातली सगळ्यांत जुनी. चाचांचा जीव तिनं ढकलत आणलेल्या गाड्यानं वाचवला होता. मी कागद तिच्यासमोर धरला.

“अंबक्का, साहेब काय बोलले ते तुम्ही ऐकलंय. खाली सही करा.”

तिनं सुईवरची नजर उचलली नाही. “नको गं माझी आई. मला सही मागू नको. घरी मी एकटी कमावती.”

मला तिचा भयंकर राग आला. तिथून बाहेर पडताना मी मागं वळूनही बघितलं नाही.

दवाखान्यात पोचले तेव्हा ऊन कललं होतं. चाचा जागे होते. डावा हात बँडेजचा गोळा, उजवा खांदा पट्ट्यांत आवळलेला. उशाशी त्यांची बायको, रजियाचाची, बसली होती. तिनं मला बघितलं आणि विचारलं, “अंजना, ते लोक कागदावर काय लिहून घेऊन गेले गं?”

“कोण?”

“कारखान्याचे. दुपारी दोघं आले होते. यांना इंजेक्शन दिलेलं, गुंगीत होते. म्हणाले, दवाखान्याचा फॉर्म आहे. अंगठा घेतला.”

“अंगठा?”

चाचांनी डोळे मिटले. तो माणूस रोज सकाळी नाक्यावर उर्दू पेपर वाचायचा आणि दुपारी मराठी. कामाचं मोजमाप, सामानाची यादी, सगळं स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहायचा. दोन भाषांत सही करायचा. त्याचा अंगठा घेतला होता. झोपेत. भाजलेला हात सोडून, मोडलेल्या खांद्याचा हात उचलून.

मला रडू आवरलं नाही. रडत रडतच सांगितलं, त्या कागदावर काय असणार ते. आणि मग माझा कागद त्यांच्या तोंडासमोर धरला. त्यांना हातात घेता येत नव्हता. त्यांनी सावकाश, ओळीओळीनं वाचला. ‘मी, अंजना गेजगे हिने, स्वतः’ तिथं डोळे थांबलेले मला दिसले.

“मीच म्हणाले होते, बंद आहे,” मी म्हणाले.

“मग? बंदच होतं की.”

“चाचा, मी तपासायला पाहिजे होतं.”

“मीही तपासायला पाहिजे होतं. टेस्टर माझ्या खिशात होता. तीस वर्षांत असं कधी केलं नाही. त्यानं म्हातारा म्हटलं आणि मी पोरासारखं दाखवायला गेलो.” दम लागला म्हणून ते थांबले. मग एकदम आवाज चढला, इतका की चाची उठून उभी राहिली. “आपलं चुकलं, बेटी. त्यांचं चुकलं नाही. त्यांनी केलं. हा फरक लक्षात ठेव. पेन दे.”

“हात हलवायचा नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी,” चाची म्हणाली.

“अंगठा घ्यायला हात हलला, सहीला नाही हलणार?”

मी पेन त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांत बसवलं, पुठ्ठ्यावर कागद ठेवून पुठ्ठा हाताखाली धरला. घामाच्या धारा लागल्या होत्या. ‘वरील मजकूर खरा आहे. बटण बंद होतं,’ त्यांनी लिहिलं, आणि खाली आधी मराठीत, मग उर्दूत सही केली. दहा मिनिटं लागली. एकाही अक्षराचा काना त्यांनी सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद मी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात दिला. बारा वर्षं झाली आता त्याला. चाचांचा उजवा हात त्यानंतर खांद्याच्या वर कधी गेला नाही. शिडी सुटली. अण्णांनी मला त्याच आठवड्यात कामावरून काढलं. परीक्षा मी दिली, पास झाले, पण सोलापुरात वर्षभर मला कोणी काम दिलं नाही. चौकशीत माझ्याही नावावर ठपका आला, लेखी समज मिळाली, आणि तो योग्यच होता. शिलाई विभागाची वायरिंग नव्यानं करून घेतल्याशिवाय दिवे लावायला बंदी आली. केस उभी राहिली, लांबली, शेवटी कारखान्याला दंड झाला. वळसंगकर मॅनेजरच राहिले. तपासनीस बंदी येण्याआधी, गुरुवारीच येऊन गेले होते. सुरक्षिततेचं प्रमाणपत्र फ्रेम करून वळसंगकरांनी केबिनमध्ये लावलं.

पण मला सगळ्यांत स्पष्ट आठवतो तो विद्युत निरीक्षक तपासणीला आले तो दिवस. मलाही त्यांनी बोलावलं होतं. शेडमध्ये त्यांनी स्वतः टेस्टर लावून बघितला, वहीत काहीतरी लिहिलं. मग माझा कागद काढला.

“मॅनेजरसाहेब, बटण चुकीच्या तारेत आहे, हे तर दिसतंय. यात लिहिलंय की तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं.”

“छे छे,” वळसंगकर म्हणाले. “आम्ही कापडातली माणसं. आम्हाला विजेतलं काय कळणार? त्या दिवशीच कळलं.”

“खोटं आहे,” मी म्हणाले. “सगळ्यांसमोर बोलले होते.”

“कोणासमोर?” निरीक्षकांनी विचारलं. “कोणी साक्षीदार?”

साठ मशीनी चालू होत्या. साठ माना खाली होत्या. वळसंगकर त्या सगळ्यांकडं एकदा बघून हसले. मी अंबक्काकडं बघणार नव्हते. ठरवलंच होतं.

एक मशीन थांबली. अंबक्का उठली. पदर सावरला, निरीक्षकांकडं नाही, सरळ वळसंगकरांकडं बघत म्हणाली, “होतं साहेब, माहिती होतं तुम्हाला. झाडूवाल्या यल्लप्पाला शॉक लागला, तेव्हा मीच तुमच्या केबिनमध्ये येऊन सांगितलं होतं. दोन वर्षं झाली.”

आणि खाली बसून तिनं मशीन पुन्हा चालू केली.